दोन सिनेमे आणि एक जनरेटर

माझी पोरगी सिनेमाचा आवाज करते असं मी सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हंजी गाती का?" मग मला समजावून सांगावं लागतं. सिनेमात दार उघडतं, कुणी चालतं, कुणी भाकरी थापतं, लांबून ट्रॅक्टर जातो. हे सगळं शूटिंगच्या वेळी नीट मिळत नाही. ते नंतर कुणीतरी एकेक करून बसवतं, आणि ते बसवणारी माझी पोरगी. हे सांगताना मी फार लांबण लावतो, असं आमच्या मंडळींचं म्हणणं आहे. लावणारच. ज्याच्या पोराला सरकारी नोकरी लागते तो पेढ्यांचा खोका घेऊन गावभर फिरतो, त्याला कुणी काही म्हणत नाही.

माझा धंदा तिसगावात मंडप, साऊंड आणि जनरेटरचा. लग्न असो, सप्ताह असो, उरूस असो, आमच्या चर्चचा नाताळ असो नाहीतर प्रचाराची सभा असो, कनाती माझ्या, बॉक्स माझे आणि लाईट गेली तर जनरेटरही माझा. लाईट तर जातेच. आमच्याकडे ती गेली म्हणून कुणी दचकत नाही, आली की पोरं ओरडतात. पण माझ्या मंडपात माणूस अंधारात बसून राहिला, असं कधी झालेलं नाही. वक्त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा जनरेटर धडधडायला लागलेला असतो. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. त्यापायी आजवर एकही कार्यक्रम मी समोर बसून पाहिलेला नाही. मी कायम कनातीच्या मागं, जनरेटरच्या हँडलपाशी. भाषणं, कीर्तनं, लोकनाट्यं, सगळी ऐकलेली आहेत, बघितलेली नाहीत. आत माणसं रंगलीत की कंटाळलीत हे मला बाहेरून, नुसत्या खुर्च्यांच्या कुरकुरीवरून कळतं.

पोरीचे कान माझ्यावर गेले. शाळेत होती तेव्हा कनातीमागं माझ्याशेजारी बसून गृहपाठ करायची आणि वहीतून मान वर न काढता म्हणायची, "पप्पा, डावा बॉक्स फाटतोय." मी जाऊन ऐकायचो तर त्याचा आवाज खरोखर फाटत असायचा. पुढं ती पुण्याला शिकली आणि मुंबईला गेली. तेव्हा भावकीतल्या लोकांनी तोंडं वाकडी केली. पोरीला बँकेच्या परीक्षेला बसवायचं सोडून हे काय खूळ, असा सूर होता. मी कुणाला उत्तर दिलं नाही. उत्तर तिचा सिनेमा देईल, असं मनाशी धरून बसलो.

आणि पहिला सिनेमा आला तो विनोदी.

ती त्यात मुख्य माणसाच्या हाताखाली होती. मला तेवढं पुष्कळ होतं. तिसगावात थेटर नाही, म्हणून मी दोन जीपा ठरवल्या आणि गल्लीतली, चर्चमधली, भावकीतली, जेवढी माणसं कोंबता आली तेवढी कोंबून नगरला नेली. माझी आत्या, म्हणजे वडिलांची बहीण, आमच्याकडेच असते. वय झालंय, गुडघे गेलेत, पण नातीचा सिनेमा म्हटल्यावर तिनं इस्टरला नेसायचं लुगडं काढलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. माझा शेजारी किराणा दुकानदार, तो दुकान बंद करून आला. हा माणूस सासरा वारला तेव्हासुद्धा दुकान अर्धं उघडं ठेवून गेला होता.

सिनेमात दोन भाऊ होते, एक हरवलेला बोकड होता आणि लुगडं नेसलेला एक पुरुष होता. तो बाई म्हणून वावरतो आणि गावात कुणालाच ओळखू येत नाही. आमच्या आत्यानं त्याला पहिल्या झटक्यात ओळखला. "ह्यो तर बाप्या हाय," ती मोठ्यानं म्हणाली. त्या अख्ख्या सिनेमात लोक मनापासून हसले ते तेवढ्याच वेळी. पडद्यावरची माणसं आमच्यासारखं बोलतायत असं दाखवायचं होतं. पण ती जी काही भेळ केली होती ती कुठल्या तालुक्यात बोलतात, हे मला अजून कळलेलं नाही. दर वाक्याला 'रं', दर शब्दाला हेल, आणि बोलून झालं की डोळे फिरवायचे. आणि आवाज! कुणी पडलं की पत्र्याचा डबा गडगडायचा, कुणी बघितलं की 'टक्' आणि विनोद झाला की 'टुंई'. विनोद झाला आहे, कृपया सर्वांनी नोंद घ्यावी, अशी सूचनाच ती. मध्यंतरापर्यंत आत्या झोपली. उत्तरार्धात बोकड विहिरीत पडला तेव्हा असा काही टुंईकार झाला की ती दचकून उठली आणि म्हणाली, "घर आलं का?"

जीपमध्ये परतताना सगळे कांद्याच्या भावाबद्दल बोलत होते. माझ्याकडे बघायचं मात्र टाळत होते.

संध्याकाळी पोरीचा फोन आला. "पप्पा, कसा वाटला?"

मी धंद्यातला माणूस. बॉक्स फाटत असेल तर फाटतोय म्हणायचं, ही आमची रीत. म्हणालो, "बाई, भुक्कड हाय."

"आन् आवाज?"

"आवाज तर कहर हाय. येवढं टुंई टुंई कशापायी?"

ती म्हणाली, "मला बी न्हाई आवडलं, पप्पा. पर सांगितल्यालं काम हुतं."

आमचं तेवढ्यावर मिटलं. गावाचं मिटलं नाही. पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात मी चपला घालत होतो तर मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "टुंई." मी वळून बघितलं तर सगळे आकाशाकडे बघत होते. नाताळाला पोरगी घरी आली. ती गल्लीतून चालली की ओट्याओट्यावरून टुंई ऐकू यायचं. माणसं वाईट नव्हती, चेष्टा आमच्या रक्तातच आहे. तीही हसत होती. पण राहणार होती नव्या वर्षाच्या उपासनेपर्यंत आणि निघाली नाताळच्या दुसऱ्याच दिवशी. स्टँडवर मला म्हणाली, "इथून फुडं माजं काम गावाला दावू नका." मला फार लागलं ते.

राग मला गावाचा आला नाही, त्या सिनेमाचा आला. मला विनोदाचं वावडं नाही. आमच्या बाजारात कांद्याच्या ढिगापाशी घटकाभर उभं राहा, त्या सिनेमाच्या दसपट हसाल. पण आमच्याकडे विनोद करणारा माणूस स्वतः हसत नाही. तो गंभीर तोंडानं बोलून पुढं निघून जातो, आणि तुम्ही घरी पोचल्यावर तुम्हाला कळतं की त्यानं तुमची टोपी उडवली. समोरच्याला आपलं बोलणं कळेल असा त्याचा भरवसा असतो. त्या सिनेमावाल्यांना आमच्याविषयी तेवढाही भरवसा नव्हता. म्हणून दर विनोदाला कोपरानं ढोसत होते. आणि ते कोपर, दुर्दैवानं, माझ्या पोरीच्या हाताचं होतं.

त्यानंतर बरेच महिने ती कामाबद्दल बोललीच नाही. फोनवर जेवण, तब्येत, आत्याचे गुडघे. आणि एक दिवस अचानक म्हणाली, "पप्पा, कांद्याची वाळल्याली फोलपटं पायजेत. पोतंभर." मी कांदा साठवायची चाळ असलेल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून पोतं भरून मुंबईच्या टेम्पोत टाकून दिलं. कशाला, ते विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

मग जानेवारीत फोन आला, आणि या खेपेला तिचा आवाज चढलेला होता. तिनं एका रहस्यपटाचं काम पुरं केलं होतं आणि त्यात ती कुणाच्या हाताखाली नव्हती, आवाजाचं सगळं तिचंच होतं. सिनेमात शेवटाकडे एक बाई रात्री कांद्याच्या चाळीत लपते आणि तिला शोधत कुणीतरी आत येतं. तिथं पडदा पूर्ण काळा होतो. बाईला काही दिसत नाही, म्हणून बघणाऱ्यालाही नाही. फक्त आवाज.

"किती येळ?" मी विचारलं.

"लई येळ. तुमाला वाटंल आता बास, त्याच्याबी फुडं."

तो काळा पडदा निर्मात्यांना नको होता. ते म्हणत होते, शहरात चालेल हो, पण गावाकडचा माणूस अंधारात बसणार नाही. त्याला वाटेल लाईट गेली. तो तंबाखू मळत उठेल आणि बाहेर जाईल. दिग्दर्शक मधल्यामध्ये लटकलेला. तेव्हा माझी पोरगी त्यांना म्हणाली, "आमच्या गावात दाखवू. माणसं बसली तर ठेवा, उठली तर कापा." निर्माते तयार झाले, पण अट घातली की काळ्या पडद्याचं माझ्याशिवाय गावात कुणालाही आधी सांगायचं नाही.

मी म्हणालो, "बाई, आख्खा जिल्हा सोडून तुला तिसगावच घावलं? हितं लाईट गेली की मानूस डोळं उघडायच्या आदी हातात मोबाईलची बॅटरी धरतो."

"म्हनूनच," ती म्हणाली. "हितं बसली तर कुटं बी बसतील."

आणि मग हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, ह्ये कापलं तर माजं त्यात काय बी उरत न्हाई."

आता हे माझं काम होतं. गावातलं मंगल कार्यालय मिळालं, पण त्याला वरून पत्रा. आत शिंकलं की चार भिंती उलट शिंकतात. लग्नात कुणी लक्ष देत नाही, सिनेमाला ते चालणार नव्हतं. खाली सतरंज्या दुहेरी अंथरल्या, तरी आवाज घुमतच होता. तेव्हा मला गोधड्या सुचल्या. गोधडीइतका आवाज गिळणारं दुसरं काही नाही, हे मी फार पूर्वी एका उरसात शिकलो होतो. आमची मंडळी गल्लीगल्लीतून गोधड्या गोळा करत फिरली. "कशाला गं?" असं विचारलं की सांगायची, "भिंतींना थंडी वाजती." लोकांनी दिल्या. चर्चच्या कंपाउंडातल्या दिल्या, मोमीन गल्लीतल्या दिल्या, आत्यानं स्वतःच्या अंगावरची दिली. दोऱ्या बांधून मी चारी भिंती गोधड्यांनी मढवल्या. दारं-खिडक्यांना दुहेरी कनाती आणि वर ताडपत्री. भर दुपारी आत असा अंधार झाला की मलाच माझा हात दिसेना. मध्ये उभं राहून टाळी वाजवली, ती तिथल्या तिथं जिरली. माझ्या सगळ्या हयातीत मी एवढं चांगलं काम केलेलं नाही, हे मी छातीठोक सांगतो.

जनरेटरचा मात्र प्रश्न होता. तो सुरुवातीपासून लावून ठेवला असता तर लाईटची चिंता मिटली असती. पण तो धडधडला की आत सुई पडलेली सोडा, पातेलं पडलेलं ऐकू जायचं नाही. म्हणून सिनेमा लाईनवरच चालवायचा आणि लाईट गेलीच तर हँडल मारायचं, असं ठरवलं. वायरमनला गाठून म्हणालो, आज दुपारची तेवढी काढू नको रे बाबा. तो म्हणाला, "माज्या हातात आसतं तर म्या माज्या घरची तरी काढली आसती का?"

शनिवारी दुपारी माणसं आली. टुंई करतच आली. पोरगी दाराशी उभी होती, तिनं सगळ्यांना हात जोडले. निर्माते मागच्या रांगेत जाऊन बसले, पुण्याचे सभ्य गृहस्थ, पांढरा शर्ट, बोलायला गोड. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर पोरगी बसली. मी तिच्याकडे बघितलं तर तिनं खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरलेली होती. मी बाहेर येऊन माझ्या जागी बसलो. हँडल इंजिनाला लावून ठेवलं.

सिनेमा सुरू झाला आणि मी नेहमीसारखा ऐकायला लागलो. एक बाई नवीन गावात पोस्टाच्या कामाला येते. तिच्या आधीची बाई एकाएकी नाहीशी झालेली. घरमालक खडूस. त्याच्या एका चपलेचा अंगठा तुटलेला, म्हणून तो चालला की एक पाय नीट पडतो आणि एक फटकन् वाजतो. आणि दवाखान्यातला कंपाउंडर आहे, मोठा प्रेमळ, तिला रोज डबा आणून देतो, ताई ताई करतो. त्याचा श्वास घेताना नाकात बारीक शीळ वाजते. हे मला दिसत नव्हतं, पण कनातीच्या अलीकडे बसून सगळं स्वच्छ कळत होतं. कुठं टुंई नाही, ढब् नाही. घाबरा असं सांगणारं संगीतसुद्धा नाही. चूल फुंकल्याचा आवाज, रहाटाची कुरकुर, लांब कुत्रं, आणि मध्येच ती फटकन् वाजणारी चप्पल. आत खुर्च्या कुरकुरायच्या थांबल्या होत्या. मी एवढ्या वर्षांत एवढ्या माणसांची एवढी शांतता ऐकलेली नाही. मोठमोठ्या पुढाऱ्यांना ती मिळालेली नाही.

त्या विनोदी सिनेमानं आमचे कान धरून हसा म्हटलं होतं. हा सिनेमा काहीच म्हणत नव्हता. तो आपलं काम करत होता आणि आम्हाला आमचं करू देत होता.

आणि मग आतून आरोळी आली, "लाईट गेली!"

आवाज किराणावाल्याचा. त्यामागून आणखी दोघातिघांचा, मग खुर्च्या सरकल्या. कनातीच्या फटीतून मोबाईलच्या बॅटऱ्या लुकलुकताना दिसल्या. "जनरेटर! आरं जनरेटर मारा!" माझ्या नावानं हाका सुरू झाल्या. मी उभा राहिलो ते मला कळलंसुद्धा नाही. हात हँडलवर गेलेला, अंग वाकलेलं, अर्धा फेरा फिरलेला. तीस-बत्तीस वर्षांची सवय, ती डोक्याला विचारत नाही. माझी नजर बोर्डावर गेली. तांबडा दिवा जळत होता. लाईट कुठंही गेलेली नव्हती.

म्हणजे हेच ते.

मी वाकलेलाच राहिलो. हाका वाढल्या. माझ्या नावानं एवढ्या हाका आणि मी जागचा हललो नाही, असं माझ्या आयुष्यात झालेलं नव्हतं. गाव मला अंधारातून बोलावत होतं आणि मी हातात हँडल धरून मुद्दाम काही करत नव्हतो. खरं सांगतो, मला रडू फुटायची वेळ आली होती. एकीकडे माझा सगळा जन्मभराचा लौकिक आणि एकीकडे मागच्या रांगेत खुर्चीची कड धरून बसलेली पोर.

कनात वर झाली आणि किराणावाला तरातरा बाहेर आला. "काय झोपला काय? हँडल मार की!"

सांगायचं नाही, अशी अट होती. मी नुसतं ओठावर बोट ठेवलं.

तो थबकला. कनात अजून त्याच्या हातात होती. आतून आवाज येत होता. वाळलेली कांद्याची फोलपटं, त्यावर कुणीतरी हळूच पाय ठेवत होतं. चुर्रर्र. थांबलं. परत चुर्रर्र. माझ्या हातचं पोतं होतं ते, पण माझ्याही अंगावर काटा आला. एक पाऊल, दुसरं पाऊल, तिसरं. किराणावाल्याचं तोंड उघडं राहिलं. "आवाज कसा काय येतोय?" तो कुजबुजला. मग एकदम त्यानं माझं मनगट धरलं. "ही चप्पल वाजत न्हाई. मालक न्हाई ह्यो. दुसरंच कुनीतरी हाय." आणि मला काही कळायच्या आत तो कनातीखालून वाकून आत पळाला आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसला.

आत एकेक बॅटरी विझत गेली. कुणी कुणाला गप्प केलं नाही. ज्याला त्याला ऐकायचं होतं. काळोख, भिंतींवर गोधड्या, आणि त्यात ती फोलपटं. पावलं थांबली. बराच वेळ काहीच नाही. मग अगदी जवळ, जणू प्रत्येकाच्या मानेपाशी, नाकातली ती बारीक शीळ.

आतल्या सगळ्या माणसांनी एकदम श्वास ओढला. मी तो बाहेर ऐकला. पडद्यावर अजून काही दिसायचं होतं आणि तिसगावानं खुनी ओळखला होता.

मी हँडल काढून जमिनीवर ठेवलं आणि इंजिनाला टेकून बसलो.

सिनेमा संपला तेव्हा दोन मिनिटं कुणी उठलं नाही. मग सगळे एकदम बोलायला लागले. मी एका बाजूची कनात वर घेतली, उजेड आत गेला. माणसं डोळे चोळत आवारात आली तरी तिथंच उभी राहून एकमेकांना सिनेमा सांगत होती, जसा काही दुसऱ्यानं पाहिलाच नव्हता. पोरगी माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. तिचे डोळे निर्मात्यांवर होते.

निर्माते माणसांत फिरत होते. किराणावाल्याशी बोलले, आणखी दोघांशी बोलले. पण चेहऱ्यावरची शंका अजून गेली नव्हती. आमच्याकडे येऊन पोरीला म्हणाले, "बसली, हे मान्य. पण सुरुवातीला गोंधळ झाला, तो तू ऐकलास. पाच-सहा जण तर उभे राहिले. थोडं तरी छाटू या का? अंधार जरा कमी केला, तर..."

पोरगी उत्तर देणार तेवढ्यात आत्या काठी टेकत पायऱ्या उतरली. पहिल्या रांगेत बसली होती ती. निर्मात्यांनी तिला हात दिला आणि मोठ्या अदबीनं विचारलं, "आजी, मध्ये ते सगळं अंधारं झालं होतं ना, बराच वेळ, तेव्हा तुम्हाला कंटाळा नाही आला?"

आत्यानं त्यांच्याकडे नीट बघितलं. "आंधारं? कवा?"

"ते चाळीत, आजी. ती बाई लपली होती तेव्हा. पडदा काळा झाला होता."

"काळा कशानं हुईल?" आत्या म्हणाली. "समदं दिसत हुतं की. ती पोरगी कोपऱ्यात गुडघं पोटाशी घिऊन बसल्याली, पदर तोंडात कोंबल्याला. आन् त्यो डबा आननारा मुडदा आला न्हवं का, हातात कासरा घिऊन. हिच्या डोक्याशी उभा ऱ्हायला. दाढी वाढल्याली त्येची. म्या तर त्येला मगाशीच वळखला." मग निर्मात्यांचा हात थोपटत ती म्हणाली, "तुमी झोपला हुता का?"

निर्मात्यांनी पोरीकडे बघितलं. "कासरा आपण दाखवलाय का गं कुठं?"

"न्हाई," पोरगी म्हणाली. "दाढी बी न्हाई."

त्यांनी मान हलवली. शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं. "राहू दे," ते म्हणाले. "आहे तेवढा राहू दे. एक फ्रेम कापायची नाही."

पोरीनं आत्याला घट्ट मिठी मारली. आत्या, "आगं गुडगं, गुडगं," म्हणून ओरडत राहिली, तरी सोडेना. माणसं जमली होती, काय झालं म्हणून विचारत होती. मला त्या सगळ्यांना सांगायचं होतं की मी जन्मभर माणसांना अंधारातून बाहेर काढत आलो आणि या पोरीनं तुम्हाला अंधारात बसवून दाखवलं. तेवढं सगळं काही मला बोलता आलं नाही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, घसा खाकरला आणि पार फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "माजी पोरगी हाय ही."